ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांत राउटरचा वेग आणि प्रक्षेपणशक्ती कशी बेतावी

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या एखाद्या उंच इमारतीत मधल्या मजल्यावर मोबाइलमधील वायफायची यादी उघडली, तर आपल्या घरच्या नावाबरोबर शेजाऱ्यांची, वरच्या-खालच्या मजल्यांची आणि समोरच्या विंगेची डझनावारी नावे दिसतात. ही सगळी उपकरणे एकाच हवेत आणि बरेचदा एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच ठरावीक पट्टीवर, बोलत असतात. अशा ठिकाणी राउटरच्या सेटिंगमध्ये जिथे जिथे ‘हाय’ किंवा ‘मॅक्स’ दिसेल तिथे ते निवडले म्हणजे वेग वाढेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसे घडत नाही. दाट वस्तीतल्या फ्लॅटमध्ये चांगला वेग मिळतो तो राउटर योग्य जागी ठेवल्याने, चॅनेल बेताचे रुंद ठेवल्याने आणि शक्ती गरजेपुरती ठेवल्याने, असे माझे ठाम मत आहे. पुढील मजकूर याच क्रमाने लिहिला आहे.

आधी मोजमाप

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोष खरोखर वायफायचा आहे का, हे पाहावे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेगाची चाचणी घ्यावी. केबलवरही वेग कमीच असेल, तर वायरलेस विभागात कितीही फेरफार केले तरी उपयोग नाही. येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: स्वस्त राउटरचे लॅन आणि वॅन पोर्ट, म्हणजे घरातील उपकरणांची आणि बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची केबल जोडायच्या खाचा, अनेकदा १०० मेगाबिटचेच असतात, त्यामुळे २०० किंवा ३०० मेगाबिटची योजना घेतली तरी प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच्या पुढे आकडा जात नाही. असा राउटर असेल तर तो बदलण्याला पर्याय नाही.

केबलवर वेग पूर्ण मिळत असेल, तर घरातील चार-पाच जागा ठरवाव्यात: दिवाणखान्यातील नेहमीची बसायची जागा, आतली बेडरूम, स्वयंपाकघर, बाल्कनी आणि जिथून ऑफिसच्या व्हिडिओ बैठका होतात ते टेबल. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहून घ्यावेत. पहिला आकडा सिग्नलचा, जो डीबीएम या एककात आणि उणे चिन्हासह दिसतो. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे कोणतेही ॲप तो दाखवते, आणि मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केल्यास तो तिथेच वाचता येतो. दुसरा आकडा जोडणीच्या वेगाचा, म्हणजे लिंक स्पीडचा, जो अँड्रॉइड मोबाइलवर आणि विंडोजवर जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात मिळतो. हा लिंक स्पीड म्हणजे फाइल उतरवण्याचा वेग नव्हे. राउटर आणि उपकरण यांच्यातील पोच-पावत्या, थांबे आणि पुनःप्रेषण यांत त्याचा बराच भाग खर्च होतो, आणि हातात साधारणपणे त्याच्या निम्मा ते दोनतृतीयांश वेग येतो.

सिग्नलचा आकडा उणे असल्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका तो सशक्त. उणे ५० उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ बैठक आणि वायफायवरून होणारे फोन व्यवस्थित चालतात, उणे ७५च्या खाली अडखळणे सुरू होते आणि उणे ८५च्या आसपास जोडणी नावापुरती उरते. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट किंवा निमपट होते आणि दर १० डेसिबलला ती दहापट किंवा एकदशांश होते, एवढे गणित लक्षात ठेवले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

ही नोंद शक्यतो रात्री आठ ते अकराच्या दरम्यान करावी. दुपारी अर्धी इमारत कामावर गेलेली असताना हवा मोकळी असते आणि त्या वेळचे आकडे दिशाभूल करतात.

जागा हीच पहिली सेटिंग

नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत, जिला बांधकामवाले आणि घर घेणारे दोघेही ‘मिवान’ म्हणतात, सर्रास वापरली जाते. त्यामुळे आतल्या खोल्यांमधल्या पातळ भिंतीही विटांच्या नसून सळईच्या जाळीसह काँक्रीटच्या असतात. अशी एक भिंत १० ते १५ डेसिबल सिग्नल सहज गिळते आणि वायफायच्या २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झवर त्याहूनही अधिक. याचा अर्थ असा की राउटर एका काँक्रीटच्या भिंतीआडून अलीकडे आणला, तर त्याची शक्ती दहापट केल्याइतका फायदा होतो, आणि एवढी वाढ कोणत्याही घरगुती राउटरच्या सेटिंगमध्ये मिळत नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतींत विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतात, तेथे हा तोटा पुष्कळ कमी असतो. म्हणूनच जुन्या घरात ज्या राउटरने सगळीकडे रेंज दिली, तोच नव्या टॉवरमध्ये आतल्या बेडरूमपर्यंतही पोहोचत नाही.

इंटरनेट जोडायला आलेला माणूस फायबर डक्टमधून आत घेतो आणि मुख्य दरवाज्याजवळच उपकरण लावून जातो. काही इमारतींत त्यासाठी विजेच्या डीबीशेजारी, म्हणजे फ्यूज-स्विचच्या पेटीशेजारी, पत्र्याची पेटी दिलेली असते आणि राउटर त्या पेटीत बंद होतो. पत्र्याच्या पेटीत, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाच्या वॉर्डरोबला लागून किंवा लॉफ्टवरील पाण्याच्या टाकीशेजारी राउटर ठेवू नये. धातू आणि पाणी या दोहोंतून या लहरी धड जात नाहीत. फायबरची तार नाजूक असली तरी ती थोडी लांबवून घेता येते. ते जमत नसेल, तर फायबरचे उपकरण दाराजवळच ठेवून तेथून साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल घराच्या मध्यापर्यंत न्यावी आणि राउटर तेथे छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर बसवावा.

अँटेनाबद्दल एवढेच पुरेसे आहे की काडीसारख्या अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकाकडे न जाता आडव्या बाजूंना पसरतो. एका मजल्याच्या फ्लॅटमध्ये सर्व अँटेना उभ्या ठेवाव्यात. ऐरोली किंवा वाशीच्या दुमजली रो-हाउसमध्ये एखादी अँटेना आडवी केल्यास वरच्या मजल्याला लाभ होतो.

सेटिंगच्या पानात शिरताना

राउटरच्या पाठीवरील स्टिकरवर त्याचा पत्ता छापलेला असतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की प्रवेशाचे पान उघडते. बदल करताना लॅपटॉप केबलने जोडलेला असावा, कारण वायफायवरूनच वायफाय बदलताना एखादी चुकीची निवड झाली की आपलाच संपर्क तुटतो. प्रत्येक पानाचा बदलापूर्वीचा फोटो काढून ठेवावा. जोडणीसाठी वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लागत असेल, तर तोही आधी लिहून ठेवावा. मागचे रीसेटचे बारीक बटण दाबून धरले की वायफायच्या सेटिंगबरोबर ही माहितीसुद्धा पुसली जाते आणि मग जोडणी देणाऱ्याच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते. कंपनीने दिलेल्या फायबर उपकरणाच्या बाबतीत हे बटण दाबूच नये.

कंपनीच्या काही उपकरणांत ग्राहकाला चॅनेल आणि पासवर्ड एवढेच बदलता येते. शक्तीचा पर्याय लपवलेला असतो किंवा मुळात नसतो. अशा वेळी त्या उपकरणाचे वायफाय बंद करून त्याच्या लॅन पोर्टला आपला स्वतःचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये, म्हणजे नुसते वायफाय देणारे उपकरण म्हणून, जोडावा आणि पुढील सर्व बदल त्यावर करावेत. दोघांचेही वायफाय एकाच कोपऱ्यात चालू ठेवणे ही मात्र सर्वांत वाईट रचना आहे, कारण दोन उपकरणे एकमेकांचाच वेळ खातात.

२.४ गिगाहर्ट्झ: गर्दीचा पट्टा

भारतात या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. दोन चॅनेलांच्या मध्यबिंदूंत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, पण प्रत्येक प्रसारण २० मेगाहर्ट्झ रुंद असते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारी १ आणि ६वर आहेत म्हणून आपण ३ निवडले, तर ती युक्ती अंगाशी येते. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचे प्रसारण मात्र त्यांना भाषा म्हणून उमगत नाही, निव्वळ गोंगाट म्हणून आदळते आणि पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पुन्हापुन्हा पाठवावी लागतात. म्हणून ॲनालायझरमध्ये पाहून १, ६, ११ यांपैकी ज्यावरचे शेजारी सर्वांत क्षीण दिसतात ते निवडावे. येथे नावांच्या संख्येपेक्षा त्यांची ताकद अधिक महत्त्वाची आहे: उणे ८८वरची सहा नेटवर्के उणे ५५वरच्या एका नेटवर्कपेक्षा परवडतात. १२ आणि १३ मोकळी दिसली तरी टाळावीत. ती ११वर चढतातच, शिवाय अमेरिकेहून आणलेले काही लॅपटॉप आणि फोन ती चॅनेल पाहूच शकत नाहीत, आणि आयटीत काम करणाऱ्यांच्या घरांत अशी उपकरणे असतातच.

चॅनेल ‘ऑटो’वर ठेवणे सोयीचे असले तरी अनेक राउटर ही निवड फक्त सुरू होताना करतात. पावसाळ्यात इमारतीची वीज जाऊन परत येते तेव्हा सर्व घरांतले राउटर एकाच मिनिटात जागे होतात, प्रत्येकाला हवा मोकळी दिसते आणि अनेकजण एकाच चॅनेलवर जाऊन बसतात. म्हणून माझा कल स्वतः पाहून चॅनेल ठरवण्याकडे आहे.

चॅनेलची रुंदी, म्हणजे ‘चॅनेल विड्थ’, या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० निवडल्यावर पडद्यावरचा लिंक स्पीड वाढलेला दिसतो, पण तीन मोकळ्या जागांपैकी दोन आपण अडवतो आणि दोन्हीकडचा अडथळा अंगावर घेतो. ८०२.११एन या वायफायच्या पद्धतीत २० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या उपकरणाला जास्तीत जास्त सुमारे १४४ मेगाबिटचा लिंक स्पीड मिळतो. स्मार्ट प्लग, सीसीटीव्ही कॅमेरा आणि दूरच्या खोलीतला मोबाइल यांना तो पुरतो.

आता ‘मोड’विषयी, म्हणजे राउटरने वायफायच्या बी, जी, एन यांपैकी कोणत्या पद्धती चालवायच्या त्या निवडीविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे दडलेला फायदा क्वचितच कोणी सांगते. १९९९ सालच्या ८०२.११बी पद्धतीचे वेग १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट एवढेच आहेत. राउटरच्या यादीत ‘बी/जी/एन मिक्स्ड’ निवडलेले असते तेव्हा तो आपली हजेरी देणारा संदेश, म्हणजे बीकन, सर्वांत जुन्या उपकरणालाही कळावा म्हणून बहुधा १ मेगाबिट या वेगाने पाठवतो. बीकन सेकंदाला सुमारे दहा वेळा जातो. तो २५० बाइटचा धरला तर १ मेगाबिटवर त्याला २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नेटवर्कचे सेकंदाला २० मिलिसेकंद केवळ हजेरीत जातात. एकाच चॅनेलवर अशी वीस नेटवर्के ऐकू येत असतील, तर कोणी काहीही पाहत किंवा उतरवत नसताना हवेतील ४० टक्के वेळ संपलेला असतो. हाच बीकन ६ मेगाबिटने गेला तर वीस नेटवर्कांचा मिळून वेळ ७ टक्क्यांच्या आत येतो. तेव्हा राउटरमध्ये ‘जी/एन’, ‘एन ओन्ली’ किंवा ‘बेसिक रेट’ असा पर्याय असेल, तर बी पद्धत बंद करावी. गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळजवळ सर्व उपकरणांना याने काही होत नाही. तरीही जुना प्रिंटर किंवा जुना कॅमेरा असेल, तर बदलानंतर तो जोडला जातो का ते लगेच पाहावे. पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट नेटवर्क’ वापरात नसेल तर तेही बंद ठेवावे, कारण ते स्वतःचे वेगळे बीकन पाठवत असते.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात आहे. ओट्याजवळच्या मोबाइलला मायक्रोवेव्ह सुरू असताना अडथळा येतो तो त्यामुळे. त्यावर उपाय एकच: महत्त्वाचे काम ५ गिगाहर्ट्झवर न्यावे.

५ गिगाहर्ट्झ: वेगाचा पट्टा

२०१८ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याविना वापरण्यास मोकळे झाले. त्यामुळे ३६ ते ४८, ५२ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५ असे चॅनेलांचे गट उपलब्ध आहेत, मात्र आपला राउटर यांतले कोणते दाखवतो हे त्याच्या प्रकारावर आणि ‘रीजन’च्या, म्हणजे देशाच्या, नोंदीवर अवलंबून असते. ही नोंद भारताचीच असावी. जास्त शक्ती किंवा जास्त चॅनेल मिळावीत म्हणून दुसऱ्या देशाचे नाव निवडण्याचे सल्ले दिले जातात. ते पाळू नयेत. नियम मोडतो तो मोडतोच, शिवाय आपला फोन ती चॅनेल मान्य करीलच याची शाश्वती नसते.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क आहे. तेथे प्रसारण सुरू करण्याआधी राउटरने किमान एक मिनिट नुसते ऐकायचे असते, आणि मध्येच रडार ऐकू आले तर ते चॅनेल सोडायचे असते. हवामानाची सी-बँड रडार बहुधा ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे १२० ते १२८ या चॅनेलांच्या परिसरात काम करतात, आणि मुंबईत वेरावली येथे हवामान विभागाचे सी-बँड डॉप्लर रडार आहे. उंच मजल्यावर, मोकळ्या क्षितिजाकडे खिडक्या असलेल्या घरात वायफाय अधूनमधून मिनिटभर गायब होऊन परत येत असेल, तर चॅनेल या गटातले आहे का ते पाहावे. तसा त्रास होत नसेल, तर मात्र हीच चॅनेल सर्वांत मोकळी असतात आणि जरूर वापरावीत.

रुंदी २०, ४०, ८० आणि काही राउटरवर १६० मेगाहर्ट्झ अशी मिळते. एनच्या पुढच्या ८०२.११एसी पद्धतीच्या दोन अँटेनांच्या फोनला ८० मेगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिटचा, तर त्याहून नव्या वायफाय-६ पद्धतीच्या फोनला १२०१ मेगाबिटचा लिंक स्पीड मिळू शकतो. पण रुंदी दुप्पट केली की तेवढीच शक्ती दुप्पट पट्ट्यावर पसरते आणि ऐकणाऱ्याच्या कानी दुप्पट गोंगाट येतो. म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांतील अंतर ३ डेसिबलने घटते. जवळच्या खोलीत हे खपते. एका काँक्रीटच्या भिंतीपलीकडे ८०ऐवजी ४० ठेवल्यावर प्रत्यक्ष वेग वाढलेला आणि जोडणी स्थिर झालेली अनेकदा दिसते. रडारची चॅनेल वगळली तर ८० मेगाहर्ट्झच्या जागा दोनच आहेत, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. त्यामुळे दाट इमारतीत ८० निवडणारी सगळी घरे या दोन जागांत कोंबली जातात. योजना १०० मेगाबिटची असेल, तर ४० मेगाहर्ट्झ पुरेसे आहे आणि मी तेच सुचवीन. १६०चा मोह फ्लॅटमध्ये धरू नये.

प्रक्षेपणशक्ती

भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी २००५च्या अधिसूचनेनुसार प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनाचा परिणाम धरून ४ वॅटपर्यंत मर्यादित आहे. घरगुती राउटर या मर्यादेच्या पुष्कळ खाली, साधारणतः १०० मिलिवॅटच्या म्हणजे २० डीबीएमच्या आसपास असतात. सेटिंगमध्ये ‘ट्रान्समिट पॉवर’ या नावाखाली कुठे ‘हाय, मीडियम, लो’, कुठे १००, ७५, ५०, २५ टक्के, तर कुठे थेट डीबीएमचा आकडा असतो. ५० टक्के म्हणजे ३ डेसिबलची आणि २५ टक्के म्हणजे ६ डेसिबलची घट. शक्ती निम्मी केली म्हणून पोहोच निम्मी होत नाही. अगदी मोकळ्या जागेतही ती सुमारे ७० टक्के उरते, आणि भिंतींच्या घरात मर्यादा भिंतीच ठरवत असल्याने फरक आणखी कमी जाणवतो.

शक्ती वाढवण्याची सर्वांत मोठी अडचण अशी की वायफाय हे दुहेरी संभाषण आहे. राउटरने पाठवलेल्या प्रत्येक पाकिटाची पोच मोबाइलला परत द्यावी लागते, आणि मोबाइलच्या लहानशा अँटेनाची व बॅटरीवर चालणारी शक्ती राउटरपेक्षा सहसा कमी असते. राउटरचा आवाज वाढवल्याने मोबाइलचा आवाज वाढत नाही. म्हणून बाथरूममध्ये किंवा लिफ्टच्या दारात वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात आणि तरी संदेश जात नाही. दुसरी अडचण वेगाशीच निगडित आहे: वरच्या वेगांसाठी सिग्नल अतिशय स्वच्छ लागतो, आणि प्रवर्धक, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, कमाल ताकदीवर चालला की सिग्नल विकृत होतो. यासाठी राउटर स्वतःच वरच्या वेगांवर शक्ती काही डेसिबलने उतरवतो. ‘हाय’ निवडल्याचा लाभ त्यामुळे मुख्यतः दूरच्या, कमी वेगाच्या जोडण्यांना होतो. आणि दूरची कमी वेगाची जोडणी सगळ्यांचा वेळ खाते: १५०० बाइटचे पाकीट ७२ मेगाबिटने मिलिसेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात जाते, तर १ मेगाबिटने त्याला १२ मिलिसेकंद लागतात. पार्किंगमधून किंवा खालच्या बागेतून कसाबसा टिकून राहिलेला आपलाच फोन घरातल्या व्हिडिओ बैठकीला अडवू शकतो.

शेजाऱ्यांचाही विचार येथे येतो. आपला राउटर तीन मजले वर-खाली स्पष्ट ऐकू जात असेल, तर त्या चॅनेलवरची तितकी घरे आपण बोलत असताना थांबून राहतात, आणि ती बोलत असताना आपण.

तेव्हा कृती अशी करावी. दोन्ही पट्टे प्रथम १०० टक्क्यांवर ठेवून ठरवलेल्या जागांवरचे आकडे घ्यावेत. मग २.४ गिगाहर्ट्झची शक्ती एक पायरी खाली आणावी, पुन्हा मोजावे, आणि सर्वांत दूरच्या जागी सिग्नल उणे ६७ ते ७०च्या खाली जाऊ लागेपर्यंत हे करीत राहावे. ५ गिगाहर्ट्झची शक्ती सहसा पूर्ण किंवा एकच पायरी खाली ठेवावी, कारण भिंतींमुळे ती आधीच घरात अडकते. २.४ची पातळी ५ गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे ६ डेसिबल कमी ठेवली, की एकाच नावाचे नेटवर्क असलेल्या घरात फोन आपोआप ५ गिगाहर्ट्झची निवड करू लागतात, नाहीतर २.४चा सिग्नल जोरकस दिसतो म्हणून ते गर्दीच्या पट्ट्याला चिकटून बसतात. काही राउटरवर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ या गटांची कमाल शक्ती वेगळी ठेवलेली असते, म्हणून दोन्ही गट आजमावून पाहावेत.

१०० टक्के शक्तीवरही आतल्या बेडरूममध्ये आकडा उणे ७५च्या खालीच असेल, तर शक्तीचा प्रश्न तेथे संपला. त्या खोलीपर्यंत केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा. भिंतीत टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या तारेसाठी घातलेली नळी बहुतेक फ्लॅटमध्ये असते आणि तिच्यातून लॅन केबल ओढता येते. दोन ॲक्सेस पॉइंट झाले की दोघांचीही शक्ती कमी करावी आणि चॅनेल वेगळी ठेवावीत. हे केले नाही, तर फोन बेडरूममध्ये पोहोचूनही हॉलमधल्या जुन्या जोडणीला सोडत नाही. केबलशिवाय सिग्नल पुढे ढकलणारे एक्स्टेंडर मिळतात, पण एकाच रेडिओचा एक्स्टेंडर तेच पाकीट हवेत दोनदा पाठवतो आणि वेग जवळपास निम्मा करतो.

इतर नोंदी

सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ची एईएस पद्धत किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावी. जुनी टीकेआयपी पद्धत निवडलेली असेल, तर एन आणि त्यापुढील वेग मिळतच नाहीत आणि जोडणी ५४ मेगाबिटवर अडते. ‘डब्ल्यूएमएम’, म्हणजे आवाज-व्हिडिओच्या पाकिटांना अग्रक्रम देणारी सोय, बंद केले तरी तेच होते. ते चालूच असावे. हे दोन्ही दोष जुन्या राउटरवरची सेटिंग वर्षानुवर्षे तशीच राहिल्याने आढळतात आणि दुरुस्तीला मिनिटही लागत नाही.

‘डेटा रेट’ किंवा ‘ट्रान्समिट रेट’ नेहमी ‘ऑटो’वर ठेवावा. तो कमाल आकड्यावर बांधून टाकला, तर भिंतीआडच्या उपकरणाला तो झेपत नाही आणि पाकिटे हरवत राहतात. आरटीएस थ्रेशोल्ड, फ्रॅगमेंटेशन आणि बीकन इंटर्व्हल यांना फ्लॅटमध्ये हात लावण्याचे कारण नाही. ‘शॉर्ट गार्ड इंटर्व्हल’ चालू असू द्यावा.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा, राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि त्याच जागांवर मोजावे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर लाभ कशाने झाला ते कळत नाही, आणि बिघडले तर परतीची वाट सापडत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पार्किंग आणि पाण्याच्या वेळांबरोबर हा विषयही निघावा असे मला मनापासून वाटते. एका विंगेत एका मजल्यावर ओळीने घरे असतात आणि अडथळा शेजारून जितका येतो तितकाच स्लॅबमधून वर-खालीही येतो. म्हणून २.४ गिगाहर्ट्झसाठी एका मजल्यावर ओळीने १, ६, ११ आणि वरच्या मजल्यावर एक घर सरकवून ६, ११, १ अशी आखणी केली, तर शेजारच्या आणि थेट वरच्या-खालच्या घरात सारखे चॅनेल येत नाही; तिसऱ्या मजल्याला ११, १, ६ आणि चौथ्यापासून तोच क्रम पुन्हा. ५ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झची रुंदी मान्य केली, तर रडारची चॅनेल न वापरताही ३६, ४४, १४९ आणि १५७ अशा चार सुरुवाती वाटून घेता येतात. यासाठी कोणालाही नवे उपकरण घ्यावे लागत नाही. सुरुवातीला आपल्या दोन्ही बाजूंची आणि वर-खालची अशी चार घरे तयार झाली, तरी रात्री साडेनऊला घेतलेल्या पुढच्या मोजमापात फरक दिसू शकतो.